संगणकाची पाटी : प्रोग्रॅमिंगसाठी टेक्स्ट एडिटर कसा निवडावा?

मूल शाळेत जाऊ लागले की घरातले वडीलधारे त्याला आधी पाटी घेऊन देत. पाटी महाग नसे. पण ती हाताला पेलणारी, अक्षर नीट उमटणारी आणि लवकर न फुटणारी असावी, एवढे मात्र पाहिले जाई. आज आपल्या समाजातील अनेक मुले-मुली बारावीनंतर संगणकाच्या शिक्षणाकडे वळत आहेत. कोणी पॉलिटेक्निकला जाते, कोणी अभियांत्रिकीला, कोणी बी.एस्सी. आय.टी.ला. या मुलांनाही एक पाटी लागते. त्या पाटीचे नाव टेक्स्ट एडिटर. ती कशी निवडावी, याविषयी चार गोष्टी या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आम्ही काही संगणक अभियंते नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आम्ही. परंतु बँकेच्या काउंटरवर शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला पालक येतात, तेव्हा या विषयाची दुसरी बाजू आम्हाला दिसते. इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे अभ्यासक्रमासाठी आवश्यक असेल तर संगणकाचा वाजवी खर्च कर्जात धरता येतो. मग पालकांच्या मनात येते की, यंत्र जितके महाग तितके शिक्षण चांगले. मुलगा सांगतो की अमुक सॉफ्टवेअर चालायला तमुक किमतीचा लॅपटॉप हवाच. बिचारे पालक मान डोलावतात. कर्जाचा हप्ता मात्र पुढे पाच-सात वर्षे फेडावा लागतो. म्हणूनच ज्या साधनावर विद्यार्थ्याने रोज लिहायचे ते साधन कोणते, त्याला किती पैसे लागतात आणि कसले यंत्र लागते, हे विद्यार्थी व पालक या दोघांनाही ठाऊक असणे अगत्याचे आहे.

एडिटर म्हणजे नक्की काय?

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांचा लेख. तो सी, जावा, पायथन अशा एखाद्या भाषेत लिहिलेला असतो. हा लेख लिहिण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि जपून ठेवण्याचे साधन म्हणजे एडिटर. लिहिलेला लेख यंत्राला समजेल अशा रूपात बदलून देणारे साधन निराळे. त्याला कम्पायलर किंवा इंटरप्रिटर म्हणतात. आमच्या धंद्यातील उदाहरण द्यायचे तर एडिटर ही रोजकीर्द आहे आणि कम्पायलर हा ती तपासणारा तपासनीस आहे. कीर्द कोणत्याही वहीत लिहा. नोंद बरोबर असेल तर तपासनीस ती मान्य करतो. काही साधनांत एडिटर, कम्पायलर आणि चुका शोधण्याची सोय एकाच ठिकाणी बांधून दिलेली असते. त्यांना आय.डी.ई. म्हणतात. सोय म्हणून ती चांगली. पण या तीन वस्तू वेगवेगळ्या आहेत, हे विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

येथे एक शंका येईल. पत्र, अर्ज, लेख आपण मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये लिहितो, तर प्रोग्रॅम त्यात का लिहू नये? कारण वर्ड हा मजकुराबरोबर अक्षराचा आकार, ठळकपणा, समास अशा अनेक गोष्टी फाइलमध्ये भरून ठेवतो. शिवाय तो आपल्या भल्यासाठी म्हणून परस्पर बदल करतो. सरळ अवतरणचिन्ह टंकले तर त्याचे बाकदार अवतरणचिन्ह करतो, वाक्याचे पहिले अक्षर मोठे करतो. माणसाला दोन्ही अवतरणचिन्हे सारखीच वाटतात. कम्पायलरला मात्र ती दोन वेगळी अक्षरे आहेत आणि त्यातले बाकदार चिन्ह त्याला मान्य नाही. प्रोग्रॅमची फाइल ही निव्वळ अक्षरांची असली पाहिजे. जे टंकले तेच आणि तेवढेच फाइलमध्ये ठेवणे, हा एडिटरचा पहिला धर्म होय.

थोडा इतिहास

आजची साधने समजायला मागचे थोडे माहीत असलेले बरे. १९६९ साली केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीबरोबर 'एड' नावाचा एडिटर लिहिला. त्यात पूर्ण पान दिसत नसे. एकेक ओळ क्रमांकाने मागवून दुरुस्त करावी लागे. १९७६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विभागात बिल जॉय यांनी 'व्हीआय' तयार केला. त्यात पडदाभर मजकूर दिसू लागला. बिल जॉय ज्या यंत्रावर काम करीत त्याच्या कळफलकावर बाणांची चिन्हे एच, जे, के, एल या कळांवर छापलेली होती. म्हणून कर्सर हलविण्यासाठी तीच अक्षरे ठरली, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनंतरही तीच आहेत. त्याच वर्षी अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून 'ईमॅक्स' आकाराला आला. स्टॉलमन यांनी १९८५ साली ग्नू ईमॅक्स लोकांसाठी खुला केला. सॉफ्टवेअर कोणालाही वापरता यावे, त्याची आतील रचना पाहता यावी, ती बदलता यावी आणि ते दुसऱ्याला देता यावे, असा त्यांचा आग्रह होता. आज आपल्याला जी मोकळी साधने फुकट मिळतात, त्यामागे या विचाराचा मोठा वाटा आहे.

१९९१ साली ब्रॅम मूलेनार या डच गृहस्थांनी व्हीआयची सुधारलेली आवृत्ती 'व्हिम' प्रसिद्ध केली. या गृहस्थांची हकिकत आपल्यासारख्या कल्याणकारी संस्थेच्या सभासदांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. ते १९९४ साली युगांडा देशातील किबाले येथे मुलांच्या एका केंद्रात पाणी व स्वच्छता यांचे काम करण्यासाठी वर्षभर जाऊन राहिले. त्या भागात एड्समुळे असंख्य मुले पोरकी झाली होती. परत आल्यावर त्यांनी आपल्या एडिटरची किंमत मागितली नाही. व्हिम उघडला की पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करा, अशी विनंती दिसे. वापरणाऱ्याला वाटले तर त्याने त्या मुलांच्या शिक्षणासाठी देणगी द्यावी, एवढेच त्यांचे मागणे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी ते वारले. जगभर लाखो लोक ज्या साधनावर पोट भरतात ते साधन एका माणसाने दानधर्माच्या रूपाने दिले, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्याकडील निळा पडदा

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ज्यांनी सी भाषा शिकली, त्यांतील बहुतेकांना टर्बो सी किंवा टर्बो सी प्लस प्लस यांचा निळा पडदा आठवत असेल. बोरलँड कंपनीने टर्बो सी १९८७ साली आणि टर्बो सी प्लस प्लस १९९० साली आणला. त्या काळी ते साधन उत्तमच होते. कमी मेमरीच्या डॉस यंत्रावर एडिटर आणि कम्पायलर एकत्र मिळत आणि एका कळीत प्रोग्रॅम चाले. पण काळ पुढे गेला आणि कित्येक प्रयोगशाळांत निळा पडदा तसाच राहिला. आजच्या ६४ बिट विंडोजवर तो थेट चालत नाही. डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स मध्ये घालून चालवावा लागतो.

यात नुकसान कोणाचे होते ते एका उदाहरणाने सांगतो. टर्बो सीमध्ये साधी पूर्णांक संख्या दोन बाइटांत ठेवली जाते, म्हणून ती ३२,७६७ च्या पुढे जाऊ शकत नाही. दोनशे गुणिले दोनशे किती, असे त्याला विचारले तर ४०,००० ऐवजी उणे २५,५३६ असे उत्तर येते. बँकेत असा हिशेब लागला तर काय होईल याची वाचकांनी कल्पना करावी! आजच्या कम्पायलरमध्ये तीच संख्या चार बाइटांत बसते आणि उत्तर बरोबर येते. शिवाय सी प्लस प्लस भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले, म्हणजे टर्बोच्या नंतर आठ वर्षांनी. निळ्या पडद्यावर पाठ केलेल्या पहिल्या दोन-चार ओळीसुद्धा आजच्या कम्पायलरला चालत नाहीत. विद्यार्थी हुशार असतो, मेहनती असतो. पण मुलाखतीत नवा पडदा समोर आला की गांगरतो आणि आपल्यालाच काही येत नाही असे समजतो. दोष त्याचा नसतो, जुन्या पाटीचा असतो. परीक्षेपुरते महाविद्यालयाचे साधन वापरावे. मात्र घरी किंवा अभ्यासिकेत आजच्या एडिटरवर आणि आजच्या कम्पायलरवर सराव करावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

चांगल्या एडिटरच्या कसोट्या

१) लिहिण्यास मदत. ओळींचे क्रमांक दिसले पाहिजेत. कारण कम्पायलर चूक सांगताना ओळीचा क्रमांक सांगतो. भाषेतील शब्द, संख्या, अवतरणातील मजकूर वेगवेगळ्या रंगांत दिसावा. अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले तर पुढचा सगळा मजकूर एकाच रंगाचा होतो आणि चूक डोळ्यांना लगेच कळते. कंस उघडला की त्याचा जोडीदार कंस दाखविला जावा. समास आपोआप सांभाळला जावा. पायथनमध्ये तर समास हाच व्याकरणाचा भाग आहे. तेथे एका ओळीचा समास टॅबने आणि दुसरीचा मोकळ्या जागांनी दिला तर दिसायला ओळी सारख्या दिसतात, पण प्रोग्रॅम अडतो. न दिसणाऱ्या या जागा दाखविण्याची सोय चांगल्या एडिटरमध्ये असते.

२) खर्च. विद्यार्थ्याने एडिटरसाठी एक पैसाही देण्याची गरज नाही. विकत घेण्याजोगे एडिटर आहेत, सब्लाइम टेक्स्ट हे त्यातले नावाजलेले. पण फुकट व मोकळ्या साधनांनी विद्यार्थ्याचे सगळे काम भागते. कोणाकडून तरी चोरून आणलेली, कुलूप फोडलेली प्रत मुळीच वापरू नये. ती बेकायदा तर आहेच, शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस घरात येतो. जे फुकट आणि प्रामाणिकपणे मिळते, ते चोरून कशाला घ्यायचे?

३) यंत्र. आपल्याकडे जे यंत्र आहे त्यावर एडिटर हलका चालला पाहिजे. यंत्र एडिटरसाठी बदलायचे नसते. एडिटर यंत्राप्रमाणे निवडायचा असतो.

४) वीज आणि इंटरनेट. आपल्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने विजेचा भरवसा धरता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड, दापोली भागात कित्येक दिवस अंधार होता. लिहिता लिहिता वीज गेली तर लिहिलेले वाचले पाहिजे. व्हिम दर २०० अक्षरांनंतर, किंवा चार सेकंद हात थांबला तर, लिहिलेले वेगळ्या फाइलीत टिपून ठेवतो. नोटपॅड प्लस प्लस दर सात सेकंदांनी नक्कल काढतो. त्याचप्रमाणे एडिटर इंटरनेटवाचून चालला पाहिजे. ब्राउझरमध्ये उघडणारे एडिटर सोयीचे असतात, पण रेंज गेली की तेही गेले.

५) मराठी. याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

६) टिकाऊपणा. आज शिकलेले साधन दहा वर्षांनी राहील काय? गिटहब कंपनीचा 'ॲटम' हा एडिटर २०१४ साली मोठ्या गाजावाजाने आला आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी कंपनीनेच त्याचे काम बंद केले. याउलट १९७६ सालचा व्हीआय आजही युनिक्स वंशाच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर या ना त्या रूपात सापडतो. ॲटम गेला तरी त्यात लिहिलेल्या कोणाच्या प्रोग्रॅमचे एक अक्षरही गेले नाही, कारण फाइल निव्वळ अक्षरांची होती आणि ती दुसऱ्या कोणत्याही एडिटरमध्ये उघडते. पाटी फुटली तरी लिहिलेले राहते, हा साध्या मजकुराचा सर्वांत मोठा गुण आहे.

मराठीची कसोटी

प्रोग्रॅमिंगच्या भाषांतील शब्द इंग्रजी आहेत. मग मराठीशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण प्रोग्रॅममध्ये आपण स्वतःसाठी टिपणे लिहितो, पडद्यावर दाखवायचा मजकूर लिहितो, लोकांची नावे-गावे घालतो. ती मराठीत लिहिता आली पाहिजेत. संस्थेच्या सभासदांची यादी किंवा शिष्यवृत्तीचा तक्ता करणारा छोटा प्रोग्रॅम एखाद्या विद्यार्थ्याने लिहिला, तर नावे मराठीतच लागतील.

आपल्या स्मरणिका, पत्रके वर्षानुवर्षे ज्या जुन्या फॉन्टांत टंकली गेली, त्यांत एक गोम आहे. आतमध्ये साठविलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांना मराठी सोंग देतो. तो मजकूर एडिटरमध्ये उघडला की सोंग उतरते आणि इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. यावर उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला १२८ जागा राखून ठेवलेल्या आहेत. तेथे प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, पाय मोडण्याच्या चिन्हालाही स्वतःचा क्रमांक आहे. त्याआधी भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण झाले होते, आणि पुण्याच्या सी-डॅकने भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे मोठे काम केले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

'रत्नागिरी' हा शब्द घ्या. उच्चारताना आपल्याला र, त्ना, गि, री अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी अशी नऊ चिन्हे होतात. यूटीएफ-८ या पद्धतीने साठविताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे आपल्या गावाचे नाव २७ बाइटांचे झाले. पायथनला या शब्दाची लांबी विचारली तर तो नऊ सांगतो. ही साधी गोष्ट माहीत नसल्याने प्रोग्रॅमने मराठी नावे मधेच तोडल्याचे प्रकार होतात. कागदावर निम्मे आडनाव छापले जाते आणि काना किंवा वेलांटी हवेत लटकते.

म्हणून एडिटरमध्ये फाइल यूटीएफ-८ पद्धतीने जपण्याची सोय आहे ना, हे पाहावे. विंडोजबरोबर येणाऱ्या साध्या नोटपॅडने ही पद्धत २०१९ साली आपली नेहमीची म्हणून स्वीकारली. जोडाक्षरे नीट दिसतात का, हेही तपासावे. काळ्या पडद्याच्या टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचे घर असते, त्यामुळे तेथे व्हिममध्ये मराठी जोडाक्षरे बहुधा विस्कटतात. खिडकीत उघडणाऱ्या एडिटरमध्ये ती चांगली दिसतात. ईमॅक्समध्ये तर इनस्क्रिप्ट पद्धतीने देवनागरी टंकण्याची सोय आतच दिलेली आहे.

कोणी कोणता घ्यावा?

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. घराघरांतील परिस्थिती सारखी नसते, म्हणून सर्वांना एकच सल्ला देणे योग्य होणार नाही.

ज्याच्याकडे विंडोजचे साधे किंवा जुने यंत्र आहे, त्याने नोटपॅड प्लस प्लसपासून सुरुवात करावी. डॉन हो यांनी २००३ साली तो प्रथम प्रसिद्ध केला. तो आकाराने लहान, फुकट आणि मोकळा आहे, जुन्या यंत्रावरही चटकन उघडतो, आणि त्याचे मेनू मराठीत करण्याचीही सोय आहे. तो केवळ विंडोजवर चालतो, एवढीच त्याची मर्यादा.

ज्याचे यंत्र जुने म्हणून अडगळीत पडले आहे, त्याने ते भंगारात देण्याची घाई करू नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ घेत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स ही फुकट प्रणाली घालून 'जीनी' नावाचा एडिटर घ्यावा. २००५ सालापासून चालत आलेला हा एडिटर हलका आहे, आणि कम्पायलर बसविलेला असला की त्यातूनच बटण दाबून सी किंवा पायथनचा प्रोग्रॅम चालविता येतो. निळ्या पडद्याची सवय झालेल्यांना तो लवकर जमतो.

ज्याच्याकडे ८ जीबी किंवा त्याहून अधिक मेमरीचे यंत्र आहे, त्याने मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड घ्यायला हरकत नाही. तो २०१५ साली आला. आज धंद्यात प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांत त्याचा वापर सर्वांत अधिक आहे, तोही फुकट मिळतो, आणि त्याला हव्या त्या भाषेची जोड देता येते. मात्र त्याच्या पोटात एक अख्खा ब्राउझर बसविलेला आहे, त्यामुळे जुन्या ४ जीबीच्या यंत्रावर तो संथ होतो. वीस-वीस जोडण्या चढवून मग यंत्र चालत नाही अशी तक्रार करणारे विद्यार्थी असतात; त्यांनी आधी जोडण्या काढून पाहाव्यात.

ज्याच्याकडे संगणकच नाही, फक्त मोबाइल आहे, अशा विद्यार्थ्याला या चर्चेत कोणी विचारीत नाही. आपल्याकडे असे विद्यार्थी थोडे नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी मुलांनी सारा अभ्यास मोबाइलवरच केला. अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स नावाचे फुकट साधन आहे; त्यात नॅनो व व्हिम हे एडिटर आणि पायथन व सी हे दोन्ही चालतात. नॅनो नवशिक्याला सोपा, कारण कोणत्या कळीने काय होते हे पडद्याच्या तळाशी लिहिलेले असते. मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी प्रोग्रॅम लिहिणे जिकिरीचे, पण ओ.टी.जी. नावाच्या छोट्या जोडणीने संगणकाचा साधा कळफलक मोबाइलला लावता येतो. संगणक येईपर्यंत अभ्यास थांबवावा असे काही नाही.

ज्याला पुढे सर्व्हर सांभाळण्याचे, मोठ्या यंत्रांवरचे काम करायचे आहे, त्याने दुसऱ्या वर्षापासून व्हिमची तोंडओळख करून घ्यावी. दूरच्या यंत्रावर काम करताना खिडक्या व माउस नसतात. तेथे व्हीआय हमखास असतो. त्यात लिहिण्याची अवस्था वेगळी आणि आज्ञा देण्याची अवस्था वेगळी असते, त्यामुळे आरंभी माणूस गोंधळतो. व्हिमबरोबर शिकवणीची एक फाइल येते. ती अर्ध्या-पाऊण तासात पुरी होते. ती चार-पाच दिवस रोज एकदा करावी, म्हणजे हात बसतो.

निवड झाल्यावर

दोन एडिटर निवडून, एकच वीस ओळींचा प्रोग्रॅम दोन्हींत स्वतः टंकून पाहावा. मुद्दाम एक कंस गाळावा, एक मराठी नाव घालावे, फाइल बंद करून पुन्हा उघडावी. ज्यात आपले लक्ष साधनाकडे न जाता प्रोग्रॅमकडे राहते तो आपला. मित्र वापरतो म्हणून, किंवा पडदा काळा व रंगीत दिसतो म्हणून निवडू नये. एकदा निवडला की निदान सहा महिने तो बदलू नये. शोधणे, शोधून बदलणे, ओळ हलविणे, एकदम अनेक ओळींचा समास देणे, ही चार-पाच कामे माउसला हात न लावता जमली पाहिजेत. सायकल बदलत राहणाऱ्याला तोल सावरता येत नाही.

आणखी एक सूचना. आजकाल एडिटरमध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड मिळते. आपण दोन शब्द लिहिले की पुढच्या दहा ओळी ती स्वतः लिहून देते. नोकरीतल्या माणसाचा वेळ त्यामुळे वाचतो. पण शिकणाऱ्याने पहिल्या वर्षी ती बंद ठेवावी. दुसऱ्याने गिरवलेल्या अक्षरांनी आपले वळण सुधारत नाही, आणि परीक्षेत व मुलाखतीत शेवटी आपलेच डोके बरोबर असते.

शिकवणीसाठी पैसे नसतील तर मुंबईच्या आय.आय.टी.चा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम पाहावा. लहान लहान ध्वनिचित्र पाठांतून लिनक्स, सी, पायथन आणि एडिटरसुद्धा त्यात शिकविले आहेत, आणि अनेक पाठ मराठी आवाजात मिळतात. इंग्रजीची भीती असलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला त्यांचा मोठा आधार आहे.

सभासद बंधू-भगिनींनाही एक विनंती आहे. आपल्या अभ्यासिकेत एक-दोन जुनी पण चालू यंत्रे, त्यांवर हे फुकट एडिटर आणि आजचे कम्पायलर, तसेच ते पेन ड्राइव्हवर नेण्याची सोय, एवढे केले तर खर्च जवळजवळ नाही आणि उपयोग पुष्कळ. ज्यांच्या कार्यालयात यंत्रे बदलली जातात त्यांनी रीतसर परवानगीने जुनी यंत्रे मिळतात का, ते पाहावे. एखाद्या मुलीने शनिवार-रविवार येऊन त्यावर आपला पहिला प्रोग्रॅम लिहिला, तर तिच्या बापाला केवळ सुरुवात करण्यासाठी कर्ज काढावे लागणार नाही.

संगणकाच्या विद्येला लागणारी पाटी आज कोणालाही फुकट मिळू शकते. मागील कित्येक पिढ्यांना पाटीच नाकारली गेली होती, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आता ती हातात आली आहे. तिच्यावर रोज चार ओळी लिहिण्याचे काम विद्यार्थ्यांनी करावे.